छत्रीवाला काउबॉय

गुरुवार, ३ जुलै
दिवेकरांनी आज विचारलं. सकाळचं चालणं झाल्यावर, कॉन्डोच्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या बाकावर. महिनाअखेर ते ठाण्याला परत चाललेत, कायमचे. मुलाची इथली, सिंगापूरची नोकरी सुटली, त्याच्या पासवर बापाचा राहण्याचा पास, म्हणजे दोघांचाही गाशा गुंडाळलेला. म्हणाले, "तुमचं नाशिकचं घर बंद आहे. माझं ठाण्याचं उघडं, पण रिकामं. आपण दोघांनी एकीकडे राहावं असं मला वाटतं."
मी चपलेचा पट्टा नीट करत बसले. पट्टा नीटच होता.
मग म्हणाले, उत्तर आत्ता नको, बारा तारखेला कट्ट्यावर मी आणलेला सिनेमा आहे, तो बघा आणि मग सांगा. सिनेमा कसला, तर थाई काउबॉयचा. सत्तरीला टेकलेला विधुर मागणी घालतो आणि शिफारस म्हणून थाई काउबॉय जोडतो. यापुढे या वहीत नुसता दि. पूर्ण नाव लिहावं असं काही त्याने केलेलं नाही.
मृणालला बोलले नाही. लेक असली तरी घर तिचं आणि जावयाचं. अशी बातमी दुसऱ्याच्या घरात सांगायला जागा लागते.

शनिवार, ५ जुलै
लिटिल इंडियात. जाडे पोहे, आमसुलं, बेसन. मेतकूट याही वेळी नाही. आमच्या बुकित पंजांगची एलआरटी, म्हणजे पुलावरची छोटी रेल्वे, बिल्डिंगींच्या अगदी जवळून जाऊ लागली की काचा आपोआप धुरकट होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. या देशातली मला मनापासून आवडलेली एकमेव गोष्ट.
बेसन कट्ट्याच्या वड्यांसाठी. 'सिनेमा कट्टा' म्हणजे आमच्या आणि आसपासच्या कॉन्डोतली मराठी मंडळी, महिन्यातून एकदा फंक्शन रूममध्ये. अध्यक्ष पल्लवी, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पण इथे तिच्या अंगात गावातला हळदीकुंकू समारंभ येतो. आधी प्रास्ताविक, मग सिनेमा आणणाऱ्याचा परिचय, त्याचा सत्कार, मध्यंतर, वडे, शेवटी आभार प्रदर्शन. सिनेमा या सगळ्याच्या फटींमध्ये कुठेतरी. या वेळचे आभार माझ्याकडे. "काकू, तुमचं कसं कॉन्व्हेंटचं, मोजकं आणि नेटकं असतं." म्हणजे मागच्या वेळी कुलकर्णींनी फार वेळ खाल्ला.

मंगळवार, ८ जुलै
दि. चा आजचा शर्ट पोपटी. त्यावर जांभळी फुलं. बँकॉकला बरीच वर्षं कापडगिरण्यांना रंग विकायचा, तेव्हापासून डोळे बिघडलेत.
चालताना सिनेमाबद्दलच बोलला. उत्तराबद्दल अवाक्षर नाही, तेवढं सौजन्य आहे. म्हणाला, त्यातले रंग मुद्दाम भडक केलेत, नटांच्या मागे नुसतं रंगवलेलं कापड आहे हे ते लपवत नाहीत. मी विचारलं, खोटं आहे हे त्यांनीच कबूल केलं तर आपण बघायचं कशाला. म्हणाला, "आधी बघा तर."
आधी बघा. जणू मी काउबॉय पाहिलेलेच नाहीत.

गुरुवार, १० जुलै
पाहिलेत. देवळाली कॅम्पात, छावणीच्या थिएटरात, पत्र्याच्या छपराखाली. वडील लष्करी हिशेब खात्यात, म्हणून पुढच्या बाकांवर आम्हा भावंडांना जागा. मी आणि बापू. शाळेत सिस्टर ॲग्नेस सांगायच्या की पिस्तुलाचे सिनेमे मुलींनी बघू नयेत. मी शनिवारी बघायची आणि सोमवारी प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभी असायची. दोन्ही ठिकाणी सारखीच श्रद्धा.
सिनेमा सुटून बाहेर आलं की समोर तेच. तपकिरी गवत, उघडे डोंगर, दूरवर एकटा घोडा, तोफखान्याचा. पडदा कुठे संपला आणि देवळाली कुठे सुरू झाली ते कळायचं नाही. बापू घरापर्यंत पाय फाकवून चालायचा, डोळे बारीक करून. शेंगदाणे तंबाखूसारखे चघळायचा. गेला बिचारा. त्याच्याइतका चांगला काउबॉय मी नंतर पाहिला नाही.
त्या सिनेमातला माणूस बोलायचा नाही. टोपी जरा खाली ओढायचा, की बाईला सगळं कळायचं.
केशवही तसेच. लग्न ठरल्यावर देवळाली स्टेशनवर गाडी सुटताना "येतो" म्हणाले. एवढंच. त्या एका शब्दात पुष्कळ आहे असं मी धरून चालले. नंतरही कायम तसंच धरत आले. ते गेले तेव्हा काही न बोलताच गेले. त्यांचं कपाट आवरताना वाटलं होतं, कुठेतरी काहीतरी
असो. वड्यांचं बेसन चाळून ठेवायचंय.

शनिवार, १२ जुलै
पाहिला. आत्ताच वर आले. राग आहे तोवर लिहून ठेवते.
भाताच्या खाचरांतून घोडा. खाचरं हिरवी, पण खोकल्याच्या औषधासारखी. आभाळ गुलाबी, वाढदिवसाच्या केकवरच्या गुलाबाचं गुलाबी. सूर्य कापडावर रंगवलेला आणि पंख्याच्या वाऱ्याने हलणारा. खालून भाताचं पाणी, वरून काउबॉयची टोपी. धूळ नाही. ज्या सिनेमात धूळ नाही तो काउबॉयचा सिनेमाच नव्हे, हे बापूने पहिल्या मिनिटात सांगितलं असतं.
नायक रेड्याच्या गाडीवानाचा मुलगा. ओठ रंगवलेले. नायिका भातगिरणीच्या मालकाची मुलगी. लहानपणी पावसात अडकला तेव्हा तिने त्याला हिरवी कागदी छत्री दिली. मोठेपणी हा दरोडेखोर होतो, पण छत्री सोडत नाही. इतरांच्या खोगिराला बंदूक असते तिथे याची छत्री. गोळीबार सुरू झाला की उघडतो. रक्त टोमॅटोच्या सारासारखं उडतं, ते छत्रीवर झेलतो आणि मग ती हळूच मिटून, तिच्याकडे बघत, रडतो. दर वेळी रडतो. खलनायक मिशी पेन्सिलने काढून आलेला, तो तितकाच वेळ हसतो. मधेच पाऊस, तोही फक्त नायकावर. घोडा कोरडा.
दि. माझ्या शेजारी. नायिका आई-बापाच्या फोटोसमोर बसून नको त्या लग्नाला होकार देते तिथे याने रुमाल काढला. चोरून नव्हे. व्यवस्थित घडी उलगडून.
आता खरी गंमत. सत्कार लांबला, कारण पल्लवीने शाल आणली होती आणि श्रीफळ विसरली. ते आणायला एकजण लिटिल इंडियापर्यंत निघाला होता, त्याला लिफ्टपाशी गाठून परत आणलं. शेवटी फ्रूट बास्केटमधलं अननस दिलं. अननस काखेत धरून दि. चं मनोगत. मध्यंतर लांबलं, कारण वडे चांगले झाले होते. त्यात रूम सहापर्यंतच आपली. शेवटच्या प्रसंगात नायिका एका रंगवलेल्या स्टेशनवर जांभळा झगा घालून उभी, हातात बॅग. तो गाडी सुटायच्या आत येईन म्हणालेला. गाडीची शिटी. तो दौडत येतोय, छपरावर खलनायकाची माणसं नेम धरून. त्याने छत्रीकडे हात नेला.
आणि पल्लवीने सिनेमा थांबवला.
"आभार राहिलेत," म्हणाली.
मागून कोणीतरी शेवटाचं विचारलं. तर म्हणे, शेवट ग्रुपवर टाकते.
आभारांसाठी शेवट कापणारी माणसं जगात दुसरीकडे कुठे असतील असं वाटत नाही. एकालाही त्यात वावगं दिसलं नाही. सगळे माझ्याकडे तोंड करून बसले. मागे पडद्यावर तो घोड्यावर, हात छत्रीकडे, तसाच गोठलेला.
मी आभार मानले. पल्लवीचे, वडे तळणाऱ्यांचे, अननसाचे. मग म्हटलं, "रंगाच्या डब्यांचे विशेष आभार. या सिनेमात पुरेपूर वापर तेवढ्यांचाच झाला आहे. दिग्दर्शकाचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, आणि मी ते शोधलेलेही नाहीत. ज्यांनी हा सिनेमा निवडला त्यांच्याबद्दल मला आजवर आदर होता."
प्रचंड हशा. सगळ्यात जोरात दि. हसला. टाळ्यासुद्धा वाजवल्या, अननस खुर्चीखाली ठेवून.
त्याला लागायला हवं होतं.

रविवार, १३ जुलै
ग्रुपवर सकाळपासून 'काकू रॉक्स', अंगठे, हसणारी तोंडं. पल्लवीने खरंच शेवट टाकलाय, दोन ओळींत. उघडला नाही. ग्रुप म्यूट केला.
ईरा म्हणाली, "आजी, यू सो सॅव्हेज. बट द मूव्ही नॉट सो बॅड लाह." पंधरा वर्षांची. वडे खायला म्हणून खाली आली होती आणि मागे बसून राहिली. तिला शेवट माहीत आहे, फोनवर पाहिलाय. सांगते म्हणाली. मी म्हटलं, सांगितलास तर तुझ्याशी बोलणार नाही.
"व्हाय? यू हेट इट वॉट."
हो, हेट इट. अगदी. पण बघेन तर सगळा बघेन. निकाल असा अर्धवट पुराव्यावर देत नाहीत.

मंगळवार, १५ जुलै
दि. चालायला आला. शर्ट नारिंगी. मी आधीच सांगून टाकलं: तुम्ही म्हणालात सिनेमा बघून उत्तर द्या, सिनेमा पुरता झालेला नाही, सबब उत्तर नाही. कायद्याने बोलले. तो इतका हसला की बाकावरच्या चिनी आजोबांनी वळून पाहिलं.
म्हणाला, मग घरी या, उरलेला लावतो. तबकडी आणि ती लावायचं जुनं मशीन, दोन्ही बँकॉकपासून त्याच्याकडेच आहेत. मी म्हटलं, तुमच्या घरात खोकी, सून, मुलगा, सामानवाले. तिथे बसून मी त्या रंगवलेल्या ओठांकडे बघणार नाही. ते त्याला पटलं.
त्याऐवजी रविवारी पुलाउ उबीन बेटावर. हो म्हटलं. चालायलाच जायचं ना, त्यात काय.

रविवार, २० जुलै
उबीन. बुकित पंजांगहून म्हणजे सिंगापूरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, एलआरटी, एमआरटी, बस आणि वर होडी. होडी भरल्याशिवाय सुटत नाही. धक्क्यावर बसलो. शर्ट आज पांढरा. विचारलं नाही, पण त्याने सांगितलं, बाकीचे खोक्यात गेले.
मी विचारलं, हा सगळा तमाशा कशाला. साधं विचारता आलं नसतं?
"साधंच विचारलं होतं. तुम्ही चपलेचा पट्टा नीट करत बसलात."
समोर सायकलवाली दोन पोरं येऊन बसली, तरी होडी भरेना.
मग त्याने सांगितलं. शक्य तितकं जसंच्या तसं लिहिते. म्हणाला, "तुम्ही एकदा केशवरावांचं सांगितलंत. कधी बोलले नाहीत, काही मागितलं नाही. तुम्ही ते कौतुकाने सांगितलंत. मला वाटलं, झालं, आपलं इथे काही खरं नाही. मी तसा नाही. मी बोलतो. रडतो. बायको आजारी होती तेव्हा मी तिच्यापेक्षा जास्त रडायचो, तीच मला गप्प करायची. आमच्या धंद्यात माल पाठवायच्या आधी शेड कार्ड पाठवतात. गिऱ्हाइकाने उजेडात धरून बघावं, नको तर नको म्हणावं. नंतर तक्रार नको."
म्हणजे सिनेमा हे शेड कार्ड.
मी विचारलं, "धुतल्यावर रंग जातो का?"
"थोडा जातो," म्हणाला. प्रामाणिकपणे, विचार करून.
होडी भरली.
बेटावर पत्र्याची जुनी घरं, दारात कोंबड्या, फाटकाला टेकवलेल्या सायकली. एका घरापुढे लाल माती, वर उघडं ऊन, आणि रस्त्यावर चक्क धूळ. सिंगापुरात धूळ. मी उभी राहिले. दि. ला देवळालीचं सांगितलं, बापूच्या चालण्याचं. तर हा माणूस, पांढरा शर्ट, गुडघे दुखतात, लोकांसमोर पाय फाकवून डोळे बारीक करून चालून दाखवायला लागला. भयंकर वाईट. बापूच्या नखाची सर नाही. एका रानडुकरानेही मान वळवली.
मी हसले. तेवढं लिहिते, पुढचं नाही.

बुधवार, २३ जुलै
मृणालला कळलं. ईराने सांगितलं, तिला कसं कळलं ते तिलाच ठाऊक. या पोरांच्या काचा धुरकट होत नाहीत.
मृणाल आधी हसली. "काउबॉयचा सिनेमा दाखवून मागणी? आई, सीरियसली?" जावई फोन घेऊन गॅलरीत गेला, फोन वाजलेला नव्हता. मग ती हसायची थांबली. म्हणाली, लोक काय म्हणतील वगैरे मी म्हणणार नाही, तू तेवढं ओळखतेस ना मला. पण तुझं बीपी कोण बघणार, तो स्वतःच्या गोळ्या विसरतो, परवा लिफ्टमध्ये विचारत होता आज वार कुठला. आणि तू त्याच्याबद्दल दोन आठवडे इतकं वाईट बोलतेयस, घरात दुसरा विषय नाही.
तेच तर, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. बोलली नाही. तीही केशवांचीच मुलगी.
नंतर भांडी लावताना, माझ्याकडे न बघता: तुझा पास पुढच्या महिन्यात संपतोय, रिन्यूअल टाकायचंय, टाकू ना?
मी म्हटलं, शनिवार होऊ दे.

शनिवार, २६ जुलै
गेला.
टॅक्सी फाटकाशी. मुलगा-सून सामान चढवत होते. पल्लवी निरोपाला आली होती, पुष्पगुच्छ घेऊन. विमानात पुष्पगुच्छ कुठे ठेवायचा याचा विचार तिच्याकडून अपेक्षित नाही. दोन शब्द बोलते म्हणाली, टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. देव त्याचं भलं करो.
मी ठरवून गेले होते की तो "येतो" म्हणेल, मी "या" म्हणेन, आणि संपेल. तसंच करतात. मला ते करता येतं.
त्याने खिशातून कागदी पाकीट काढलं. वर थाई अक्षरं, आत ती तबकडी. "ही तुमच्याकडे. मशीन मी घेऊन चाललोय, कपड्यांच्या मधे घालून, आपटू नये म्हणून."
मी म्हटलं, हा निव्वळ नाटकीपणा आहे.
"आहे," म्हणाला. "आणि मी येतो म्हणणार नाही. मी येणार नाहीये, माझा पास संपला. तुम्ही या."
मग डोळे भरून आले त्याचे, सगळ्यांदेखत, आणि रुमाल सापडेना, कारण रुमालही कपड्यांच्या मधे. माझा दिला. पिको केलेला, पांढरा. तो घेऊनच गेला.
शर्ट पोपटी होता, जांभळ्या फुलांचा, खोक्यातून परत निघालेला. टॅक्सी वळेपर्यंत काचेतून दिसत होता. इतका भडक रंग लांबून दिसतो, एवढं मान्य करते.

मंगळवार, २९ जुलै
सकाळी एकटीच चालले. बाकावर बसले नाही. समोरच्या बिल्डिंगींवर राष्ट्रीय दिनाचे झेंडे लागायला लागलेत, सगळे एका उंचीवर, एका मापाचे.
दि. चा फोन नाही, मेसेज आहे. घराची साफसफाई झाली, मशीन शाबूत पोचलं, ठाण्यात पाणी एकच वेळ येतं. मग आणखी बराच मजकूर, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल. शेवटी: घाई नाही. शिकलेल्या माणसाला मोजकं लिहिता येऊ नये याचं आश्चर्य वाटतं. कुत्र्याचा भाग दोनदा वाचला.
आमच्या घरात तबकडी लागेल असं काही नाही. लॅपटॉपला खाचच नसते हल्ली. ईरा म्हणाली, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो, चीप ओन्ली लाह, आज ऑर्डर केला तर उद्या येईल. मी नको म्हटलं. "बट देन हाउ यू सी द एंडिंग?" मी तबकडी पाकिटात परत घातली. तिने ऑर्डर केला नाही, आणि आईला सांगितलंही नाही. पोर बरी आहे.
मृणालने जेवताना पुन्हा विचारलं, रिन्यूअल टाकू का, तारीख जवळ आलीय. मी म्हटलं, थांब जरा.
तबकडी कपाटात, नाशिकच्या किल्ल्यांच्या डबीशेजारी ठेवलीय. तिथे जागा होती म्हणून.
सिनेमा भिकार आहे, या मतात बदल नाही. शेवट चांगला असेल अशी मला काडीचीही आशा नाही. फक्त कागदी छत्रीने गोळी अडत नाही, हे त्या मूर्खाला कोणीतरी जवळ जाऊन सांगायला हवं.